सेल्फ खणखणीत फिरतो, पण सकाळी डिझेल जीप उठत नाही. धूरसुद्धा नाही!

मुलुंडची_जीप

मंडळी, डोकं पिकलंय. गाडी महिंद्राची एमएम ५४०, १९९६ ची, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन. फोर बाय फोर चालू, लो रेशो चालू, कागदपत्रं चालू. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण, ग्रीन टॅक्स सगळं भरलेलं आहे, तेव्हा 'भंगारात काढ' हा सल्ला कृपया देऊ नका. तो घरी रोज चहाबरोबर मिळतो.

लक्षण असं. रात्रभर उभी राहिली की सकाळी उठत नाही. सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी नवीन आहे. नुसतं घर्रर्र घर्रर्र, पकड म्हणून नाही. फिल्टरच्या डोक्यावर जो हातपंप आहे तो दाबत बसायचं. आधी तो अगदी मऊ लागतो, आत काहीच नसल्यासारखा. बराच वेळ दाबल्यावर कडक होतो. मग सेल्फ मारला की दोन-चार झटके खाते आणि उठते. उठल्यावर मिनिटभर थरथरते, थोडा पांढरा धूर टाकते, मग ठाकठीक. त्यानंतर दिवसभर कुठेही बंद करा, अर्ध्या सेल्फला चालू. ऐरोलीला ऑफिसला नेतो, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तापते, तरी काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

जुलैत कर्जतच्या बाजूला एका ओढ्यातून काढली होती, पाणी बंपरच्या वर होतं. तेव्हा काही झालं नाही. त्रास गणपतीनंतर सुरू झाला.

आणखी एक, कदाचित योगायोग असेल. सोसायटीत माझी जागा रॅम्पवर आहे, गाडी नाक वर करून उभी राहते. मध्यंतरी रंगकाम चालू होतं म्हणून बाहेर सपाट रस्त्यावर लावली, तेव्हा सकाळी एवढं रडगाणं नव्हतं.

गॅरेजवाला म्हणतो इंजेक्शन पंप गेला. उतरवून लॅबला पाठवायचा, बत्तीस हजार, नोझलचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात त्यांचे) वेगळे. वर हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन आतून तापवणारे, चारही बदला म्हणतो. खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धर, झटक्यात चालू होईल. काय करू?

पंप रोटरी आहे, म्हणजे एकाच गोल डोक्यातून चारही पाइप निघतात तो.

वेसावकर_४x४

नवीन असली तरी बॅटरीच बघ. माझी अशीच करायची, मोठी बॅटरी टाकली आणि प्रश्न मिटला. सेल्फ फिरतो आणि सेल्फ पुरेसा फिरतो यात फरक आहे.

डेपोफिटर

मुलुंडकर, पंपाला हात लावू देऊ नकोस. आणि तो पेट्रोलचा बोळा तर अजिबात नको, त्यावर शेवटी बोलतो.

मी बेस्टच्या डेपोत डिझेल फिटर होतो, आता भांडुपला घरी असतो. पहाटेच्या पाळीला पहिली बस गेटबाहेर पडायच्या आधी नेमकी अशीच एखादी अडून बसायची. पार्ट बदलून बघायला तिथे कोणाला वेळ नव्हता. पहिला प्रश्न एकच असायचा: सेल्फ मारताना मागून धूर येतो का, आणि कुठल्या रंगाचा?

सेल्फ फिरतोय आणि सायलेन्सरमधून पांढरट धूर येतोय, डोळ्यांत झोंबतोय, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण जळत नाही. मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन, सेल्फची गती, टायमिंग, तिकडे बघायचं. काळा धूर असेल तर हवा कमी, एअर क्लीनर चोंदलाय किंवा नोझल टपकतायत. आणि धूरच नाही, मागे हात धरला तर नुसती कोरडी हवा, तर डिझेल आत जातच नाही. तुझी केस ही तिसरी. डिझेलच नसेल तर चार काय, चाळीस हीटर प्लग तापवून काय जाळणार?

वेसावकर म्हणतात ते एरवी खरं आहे. डिझेलला ठिणगी नसते. अशा स्वर्ल चेंबरवाल्या इंजिनात हवा वीस-बावीस पट दाबली जाते आणि त्या दाबाने पाचशे अंशांच्या वर तापते, तेव्हा डिझेल पेटतं. सेल्फ रेंगाळला, मिनिटाला शंभराच्या खाली गेला, तर ती हवा तापायच्या आत रिंगांतून निसटते. म्हणून एकदा मीटर लाव. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास हवेत, सेल्फ चालू असताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मार. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थची पट्टी खराब. वेसाव्याला, वरळीला, समुद्राच्या हवेत ती पट्टी वरून चांगली दिसते आणि लगच्या, म्हणजे टोकाच्या कडीच्या, आत हिरवी पूड झालेली असते. वेसावकरांनी मोठी बॅटरी टाकताना टर्मिनल घासून बसवले असणार, गुण त्यालाच आला असेल. पण तुझा सेल्फ हातपंप मारल्यावर त्याच बॅटरीवर गाडी उठवतो, म्हणजे तिकडे फारसं काही निघणार नाही. तरी पाच मिनिटांचं काम आहे, करून टाक.

आता पंप. रोटरी पंपाचं हेड झिजलं की त्रास गरम गाडीला होतो. डिझेल तापलं की पातळ होतं, झिजलेल्या फटीतून निसटतं, सेल्फच्या गतीला दाब तयार होत नाही. असा पंप सकाळी थंडीत उठतो आणि दुपारी पेट्रोल पंपावर डिझेल भरून झालं की अडून बसतो. तुझी गाडी बरोबर उलटं करते. झिजलेला पंप रोज सकाळी आजारी आणि दुपारी ठणठणीत कसा होईल? बत्तीस हजार खिशात ठेव.

तुझ्या गाडीने हवा धरली आहे. हातपंप फिल्टरच्या डोक्यावर आहे आणि मधे दुसरा कुठला पंप नसेल, तर टाकीपासून इंजेक्शन पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीवर चालते. शहाळ्याच्या स्ट्रॉला मधेच भोक पडलं की कितीही ओढा, पाणी कमी आणि हवा जास्त येते, पण त्या भोकातून पाणी बाहेर गळत नाही. इथेही तसंच. खाली एक थेंब दिसणार नाही, मेकॅनिक म्हणेल लीकेज नाही. गाडी चालू असताना थोडी हवा आत येते, ती पंप रिटर्नमधून, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीतून, ढकलून देतो, तुला कळतही नाही. गाडी बंद झाली की त्याच फटीतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल आपल्या वजनाने टाकीकडे उतरतं. रात्रभरात फिल्टर रिकामा.

म्हणून तो रॅम्प योगायोग नाही. नाक वर म्हणजे इंजिन टाकीपेक्षा आणखी उंच, डिझेल लवकर उतरतं. सपाटीवर उशिरा उतरतं, म्हणून तिथे कमी त्रास. अर्धं निदान तू स्वतःच लिहून ठेवलंयस.

आता खात्री कर. दोन लिटरचा स्वच्छ डबा घे, बॉनेटखाली फायरवॉलशी, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याशी, घट्ट बांध, पंपापेक्षा उंच आणि मॅनिफोल्डपासून लांब. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, पण तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडलं तर पेटतं. पंपाच्या इनलेटची नळी काढून तिथे डब्यातून थेट नळी दे. रिटर्नची नळीही डब्यातच सोड, नाहीतर डबा बघता बघता रिकामा होईल, कारण रोटरी पंप उरलेलं डिझेल सतत परत पाठवतो. हवा काढ, गाडी चालू कर, पाच मिनिटं चालव, बंद कर. इंजिन गार होऊ दे आणि तशीच रॅम्पवर रात्रभर ठेव. सकाळी पहिल्या सेल्फला उठली तर पंप, नोझल, टायमिंग, कॉम्प्रेशन सगळ्यांची सुटका. दोष टाकी ते पंप या वाटेवर. नाही उठली तर नोझलवरच्या त्या बारीक कापडी वेष्टनाच्या ओव्हरफ्लोच्या नळ्या बघ. त्या तडकल्या तर तिथूनही हवा शिरते आणि लोक त्यांच्याकडे बघतच नाहीत.

जुन्या गाड्यांना हे आताच का सुटलंय, तर एक कारण डिझेलमध्येही आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, गंधक १० पीपीएम. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ५० होतं आणि तुझी जीप नवी होती तेव्हा त्याच्या कितीतरी पट. गंधक काढताना डिझेलचा बाकीचा स्वभावही बदलतो. जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं फुगून बसलेली जुनी रबरी सीलं नव्या डिझेलमध्ये आक्रसतात. गळती बाहेर असेल तर ओल दिसते, ओढीवर असेल तर तुझ्यासारखी सकाळ.

राहिला बोळा. पेट्रोलची वाफ एवढ्या दाबाखाली पिस्टन वर यायच्या आधीच पेटते, आणि तुझ्याकडे तर हीटर प्लग लाल झालेले असतात. खाडकन आवाज येतो, गाडी सुरू होते, सगळे टाळ्या वाजवतात. पिस्टनच्या रिंगांमधल्या भिंती तडकलेल्या त्या दिवशी दिसत नाहीत. स्टार्टिंग स्प्रेचंही तेच. खालच्या काकांना माझा नमस्कार सांग आणि बोळा घेऊन घरी पाठव.

घाटवेडी

डेपोकाकांशी सहमत, पण मुलुंडकर, त्या ओढ्याचं मला खटकतंय. पाणी बंपरच्या वर होतं म्हणजे टाकीच्या ब्रीदरची नळी, म्हणजे टाकीत हवा जाण्या-येण्याची, कुठवर येते ते एकदा बघ. ती खाली लोंबत असेल तर तापलेली टाकी गार पाण्यात पडली की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. मग ते तळाला बसून राहतं. पाणी थोडं असेल तर गणपतीपर्यंत ते पिकअपपर्यंत, म्हणजे डिझेल ओढणाऱ्या पाइपच्या तोंडापर्यंत, आलंही नसेल.

फिल्टरच्या खालचा ड्रेन उघडून अर्धा लिटर काचेच्या बाटलीत काढ. प्लॅस्टिकच्या गढूळ बाटलीत नको, काही कळत नाही. बाटली उन्हात खिडकीत ठेव. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे तासाभरात खाली वेगळी रेघ दिसते. काळा शेवाळासारखा गाळ दिसला तर टाकीत जंतू वाढलेत, मग टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही.

आणि हे तुझ्यासाठी नाही, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: पाण्यातच बंद पडलेल्या डिझेलला सेल्फ मारू नका. कधीच नाही. इंजिनने पाणी ओढलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअर क्लीनर उघडा, आत ओल असेल तर हीटर प्लग किंवा नोझल काढून मगच इंजिन हाताने फिरवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा आमच्या कुर्ल्याच्या गल्लीत गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. ज्यांनी पाणी ओसरल्यावर हौसेने चावी फिरवली त्यांची इंजिनं गेली. ज्यांनी आधी सगळं उघडून, तेल बदलून मग सेल्फ मारला त्यांच्या गाड्या पुढे चालल्या.

चेंबूर_सीआरडीई

माझी थार सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल आहे, २०१६ ची. तीही सकाळी बराच वेळ सेल्फ खाते. मीही डबा लावून बघू का? आणि यूट्यूबवर एक जण नोझलचे नट ढिले करून हवा काढताना दाखवतो, ते करायचं का?

घाटवेडी

अजिबात नको! मुलुंडकरांच्या जुन्या पंपाचं नोझल शंभर-सव्वाशे बारला उघडतं. तिथेही नट ढिला करून तोंड-हात लांब ठेवायचे, चिंधीने झाकायचं. तुझ्या कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या कितीतरी वर जातो. ती धार बोटाच्या कातडीतून आत शिरते, बाहेरून सुईच्या टोकाएवढी खूण दिसते आणि आत डिझेल पसरलेलं असतं. त्याला ऑपरेशनच लागतं, तेही तासांच्या हिशेबात. सीआरडीईचे नट सेल्फ मारत असताना कधीच उघडायचे नाहीत.

माझ्याकडेही सीआरडीई होती, तिची पद्धत वेगळी. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, रेलमध्ये ठराविक दाब दिसल्याशिवाय तो इंजेक्टर उघडायचा हुकूमच देत नाही. साधारण दोनशे-अडीचशे बार धर. म्हणून पाना नको, स्कॅनर हवा. सेल्फ मारताना रेल प्रेशर किती चढतं ते बघ. हळूहळू चढत असेल तर इंजेक्टर रिटर्नला जास्त सोडतायत का ते बघायचं: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक छोटी बाटली लावतात, ज्याची बाटली आधी भरते तो दोषी. दाब चढतोय पण गाडी उठत नाही, तर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का बघ. काटा मेल्यासारखा पडून असेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. डॅशवर इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत असेल तर चावीचं काम आहे, इंजिनाचं नाही.

आधी फिल्टर किती जुना आहे ते सांग, आणि वेगळा धागा काढ.

मुलुंडची_जीप

काका, ताई, रविवार सत्कारणी लागला.

मीटर: उभी असताना १२.६, सेल्फवर १०.४. ब्लॉकचा अर्थ ०.२. तो विषय संपला. सेल्फ मारताना मुलाला मागे उभा केला, त्याने ओरडून सांगितलं की काहीच येत नाही, वासही नाही.

पाणी: बाटलीच्या तळाला बोटाच्या पेराएवढं निघालं. गाळ नाही. ब्रीदरची नळी खरंच चॅसीच्या खाली लोंबत होती, ती आता वर फायरवॉलपर्यंत नेऊन बांधली. निथळून घेतलं, तरी दुसऱ्या सकाळी तोच त्रास.

डबा: रात्री बांधला, नाक वर करून ठेवली. सकाळी हातपंपाला हात न लावता, हीटरचा दिवा विझल्यावर चावी फिरवली आणि पहिल्याच फेऱ्यात पकडली. खालचे काका गॅलरीत उभे होते, काही बोलले नाहीत.

मग काका म्हणतात ती हवा डोळ्यांनी बघावी म्हणून फिल्टर ते पंप या भागात वीतभर पारदर्शक नळी घातली. गाडी चालू असताना मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक जातायत. रेस केली की वाढतात. बंद केल्यावर आणखी मजा. ते सगळे नळीच्या उंच भागात गोळा झाले, एकत्र येऊन एक मोठी पोकळी झाली, आणि मी तिथेच स्टुलावर बसून बघत होतो तर ती पोकळी सरकत सरकत फिल्टरकडे वाढत गेली. जेवून परत आलो तर नळी पूर्ण रिकामी. डोळ्यांसमोर डिझेल टाकीत परत गेलं!

आता पुढे कुठे शोधू? फिल्टरचं डोकं, तांब्याचे वॉशर, वॉटर सेपरेटर, टाकीतला पाइप, चॅसीवरची लाइन... सगळं एकदम बदलू का?

डेपोफिटर

सगळं एकदम बदललंस तर दोष कुठे होता ते कधीच कळणार नाही, आणि नव्या दहा जोडांपैकी एखादा चुकीचा बसला तर पुन्हा पहिल्यापासून. अर्धं-अर्धं कर. ती पारदर्शक नळी काढ आणि फिल्टरच्या आधी, म्हणजे फिल्टरमध्ये डिझेल येतं तिथे बसव. तिथेही बुडबुडे दिसले तर फिल्टर, त्याचं डोकं, हवा काढायचा ब्लीडचा स्क्रू आणि हातपंपाचं सील निर्दोष, दोष मागे. नाही दिसले तर फिल्टरच्या डोक्यातच आहे. मग आणखी मागे, टाकीच्या तोंडाशी. दोन-तीन जागा बदलल्या की हाताच्या अंतरावर येतोस.

जागा कळली पण फट दिसत नसेल तर ओढीचं दाबात रूपांतर कर. टाकीचं झाकण फडक्याने गच्च आवळ, रिटर्न आणि ब्रीदर बंद कर, आणि सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा दे. एवढ्या दाबाला जी फट हवा आत घेत होती ती डिझेल बाहेर सोडेल. लाइन आधी कोरडी पुसून टाल्कम पावडर लाव, ओला डाग लगेच दिसतो. टायरवाल्याकडची कॉम्प्रेसरची हवा घालू नकोस, टाकी फुगेल, जोड फाटतील.

तांब्याचे वॉशर उघडलेस तर तेच परत नको. नवे मिळाले तर उत्तम. नाहीच मिळाले तर जुने गॅसवर लाल होईपर्यंत तापवून गार कर, तांबं मऊ पडतं. मग बारीक पॉलिश पेपरने सपाट घास. आणि टेफ्लॉनची टेप डिझेलच्या जोडाला गुंडाळू नकोस, तिचे धागे पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. प्लंबर लोकांचं ते औषध इथे नाही चालत.

पारदर्शक नळी शोध संपला की काढून टाक. डिझेल आणि गरमीने ती महिन्याभरात पिवळी कडक होते आणि तीच नवीन लीकेज बनते.

वेसावकर_४x४

काका, तुम्ही माझ्या बॅटरीबद्दल म्हणालात म्हणून आज लग उघडून बघितला. आत खरंच हिरवी पूड होती. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चॅसीपर्यंत सगळी केबल नवीन केली. सेल्फचा आवाजच बदलला.

मुलुंडची_जीप

सापडलं.

फिल्टरच्या आधी नळी लावली, बुडबुडे तसेच. टाकीच्या तोंडाशी लावली, एकही नाही, नुसतं स्वच्छ डिझेल. मधे उरली चॅसीवरून येणारी लोखंडी लाइन आणि तिच्या दोन टोकांना रबरी होजचे तुकडे. मागचा तुकडा ठीक. पुढचा, जिथे लाइन चॅसी सोडून इंजिनच्या बाजूला वर वळते, तो वरून अगदी धडधाकट. चिखल पुसला, टॉर्च मारला, काहीच नाही. सायकलच्या पंपाने हवा दिली तर क्लिपच्या अगदी कडेला, पावडरवर, नखाएवढा ओला डाग आला आणि पसरायला लागला.

क्लिप काढली. स्क्रूच्या क्लिपने रबराला गोल चर पाडला होता, आणि होज अंगठ्याने वाकवला तर त्या चरात बारीक बारीक चिरा उघडल्या. सरळ धरला की सगळ्या मिटायच्या. इंजिन माउंटिंगवर हलतं, लाइन चॅसीला पक्की, म्हणजे रोज तिथेच वाकत असणार. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांत जेवढं हलवलं तेवढं त्यानेही खाल्लं असेल.

तात्पुरता चिरलेला भाग कापून होज पुढे ओढून बसवलाय. आज सकाळी रॅम्पवरून पहिल्या सेल्फला उठली. आता नीट होज टाकायचा आहे. कुठला घेऊ? लाइन आठ मिलिमीटरची आहे.

गॅरेजवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "तरी पंप एकदा चेक करून घ्या."

डेपोफिटर

त्याच्यावर चिडू नकोस. त्याच्याकडे रांग लागलेली असते, डबा बांधून रात्रभर थांबायला त्याला सवड नाही. पंप काढून लॅबला दिला की येताना लाइनही उघडली जाते, होजही बदलला जातो, गाडी उठते, आणि नाव पंपाचं होतं. अशा किती निर्दोष पंपांची ओव्हरहॉलिंग झालेली मी बघितली आहेत.

होज कुर्ल्याला सीएसटी रोडवर मीटरवर मिळतो. आतला व्यास लाइनच्या बाहेरच्या मापाचा घे, जबरदस्तीने ताणून बसवायला नको, ढिला आवळून बसवायला तर नकोच. अंगावर फ्युएल होज म्हणून छापलेलं असेल तोच घे. पाण्याचा किंवा हवेचा रबरी पाइप बाहेरून सारखाच दिसतो आणि निम्म्या भावात मिळतो, पण डिझेलने आतून फुगून सोलतो आणि सालपटं फिल्टरमध्ये येतात. दोन्ही टोकांचे तुकडे बदल, मागचा चांगला दिसत असला तरी. दोघांचं वय एकच आहे. क्लिप दातेरी पट्टीची नको, गुळगुळीत पट्टीची, नट-बोल्टने आवळायची ती घे, म्हणजे रबर कापलं जाणार नाही. आणि वळणावर होजला थोडा सैल लूप ठेव, इंजिन हललं तरी ताण क्लिपपाशी येता कामा नये. आठ-पंधरा दिवस चालवल्यावर क्लिपा एकदा परत आवळ, नवीन रबर बसतं.

अजून एक राहिलं. उठल्यावर मिनिटभर थरथरते आणि पांढरा धूर टाकते असं तू पहिल्यांदाच लिहिलं होतंस. त्यातलं काही हवेमुळे असेल, पण आता हवा गेल्यावरही थरथरत असेल तर हीटर प्लग तपास. चारही बदलायची गरज नाही. वरची पट्टी सोडव, टेस्ट लँपची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला लाव, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर प्लग जिवंत, नाही लागला तर मेला.

मुलुंडची_जीप

होज आणला, बसवला. थरथर निम्म्याने कमी झाली पण आहे. दिवा लावून बघितलं: एक, दोन, चार पेटले, तीन नंबर मेलेला. उद्या सकाळी काढतो.

डेपोफिटर

सकाळी थंड इंजिनावर नको. आधी गाडी फिरवून आण, इंजिन कोमट असताना काढ. मुळाशी डब्ल्यूडी-४० मार, तासभर मुरू दे, आणि पाना झटक्याने ओढू नकोस. थोडा सोड, थोडा आवळ, परत सोड. वर्षानुवर्षं कार्बनने धरलेला प्लग घाईने काढला तर टोक हेडमध्ये तुटतं, आणि मग मात्र खरोखर हेड उतरवावं लागेल.